लायसन सरकारचं, गाडी नानांची

ट्रक चालतो कमी आणि उभा राहतो जास्त, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माल भरायला उभा, उतरवायला उभा, टायर बसला की उभा. मग गाडीच्या सावलीत चटई पडते, तंबाखू मळली जाते आणि कोणीतरी म्हणतं, "तुला ते सांगितलं का?" असे किस्से साचत जातात. आमच्या खालापूरच्या यार्डात तर एवढे साचलेत की कोणता कोणाचा, यावरूनच भांडणं होतात! एकच गोष्ट वाईट. आमच्या किश्श्यातला माणूस पुढच्या वेळी ऐकायला असेलच असं नाही. तरी आम्ही हसतो. न हसून करणार काय?

*

मी मूळचा भिसेगावचा. तिशीपर्यंत कर्जतच्या बाजारात टेंपो चालवला, मग तो विकला आणि हेवीचं ट्रेनिंग घेतलं. मोठी गाडी, लांबचा पल्ला, घरात जरा बरे दिवस, एवढंच डोक्यात होतं. ट्रेनिंग सपाट मैदानात, गाडी रिकामी आणि शिकवणारे सर जांभया देणारे. मी पहिल्या फटक्यात पास! मनीषानं, म्हणजे बायकोनं, गल्लीत पेढे वाटले.

लायसन खिशात घालून यार्डात गेलो. शेठनी मला नानांकडे पाठवलं. नाना कशेळ्याचे, यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. नव्या माणसाला सोबत फिरवून तयार करायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी लायसन उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"फोटो चांगला आलाय," म्हणाले. "हे घरी ठेव. लायसन सरकार देतं, गाडी मी देतो!"

यार्डाची पद्धतच होती तशी. नानांनी शेठला जाऊन सांगायचं, "सुनील तयार झाला." मग स्वतःची गाडी. तोवर मी सेकंड, म्हणजे अर्धा ड्रायव्हर आणि पगारही त्याच मानानं. टेंपो तर विकून बसलेलो. ते तीन शब्द नानांच्या तोंडून कधी निघतात, याकडे आमचं घर डोळे लावून बसलं होतं.

*

पहिल्यांदा भरलेली गाडी हातात आली तेव्हा चौक गावाच्या अलीकडे पुढे ट्रॅफिक थांबलं. मी ब्रेक दाबला. गाडी आपली चाललीच आहे!

"नाना, ब्रेक लागत नाय!"

"लागतोय रं. तुला वाटलं तवा नाय, त्याला वाटलं तवा."

पुढच्या टँकरला वीतभर अंतर राहिलं आणि गाडी थांबली. नानांनी खिडकीतून मान बाहेर काढून टँकरच्या पाठीवरचं शांतपणे वाचलं.

"ॲसिड हाय," म्हणाले. "लागली असती तर तुझं नि माझं तेरावं एकाच मांडवात उरकलं असतं!"

त्या दिवशी मी दुपारचं जेवलो नाही. नाना माझाही डबा खाऊन मोकळे झाले.

*

आता ते 'जेवतोय' प्रकरण सांगतो. आमच्या यार्डात घरून फोन आला की ड्रायव्हर एकच उत्तर देतो, "जेवतोय." सकाळी आठला जेवतोय, दुपारी चारला जेवतोय, टायर फुटून भर उन्हात रस्त्यात बसलाय तरी जेवतोय!

मी नानांना विचारलं, हे काय?

"गाडी चालवतोय बोललास की ती इचारणार, कुठं? घाटात बोललास की दिवसभर पाणी नाय पिणार. जेवतोय बोललं की बाई गप ऱ्हाते. जेवणारा माणूस मरत नाय, असं वाटतं त्यांना."

आमच्यात सदा म्हणून एक होता. नुसता हाडांचा सापळा. त्याची बायको एकदा यार्डात आली आणि सगळ्यांसमोर त्याला आपादमस्तक बघून म्हणाली, "दिसभर जेवता, मग जातं कुठं?"

सदाला तोंड लपवायला जागा उरली नाही. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि ते छाती धरून खाली बसले. "ॲसिडिटी हाय," म्हणाले आणि खिशातली गोळी चघळली. ती गोळी कायम खिशात असायचीच.

*

मनीषाची वेगळीच तक्रार. झोपेत मी उजवा पाय दाबतो आणि तिला लाथ बसते. एकदा सुट्टीला घरी होतो, तर सकाळी चहाचा कप आपटून म्हणाली, "बिछान्याला पण ब्रेक हाय का?"

मला वाटलं, हे ऐकून नाना खूश होतील, म्हणतील पोरगा मनापासून शिकतोय. नानांनी विचार केला आणि म्हणाले, "उजवाच दाबतोस? डावा नाय?"

"नाय."

"मग झोपेत क्लच न दाबताच थांबतोस, म्हंजे गाडी न्यूट्रल टाकतोस तू. अजून तयार नाय झालास!"

मला राग आला. खरंच आला. स्वप्नातल्या चुकीचा मेमो कोण फाडतं?

*

पण न्यूट्रलवर नानांचा दात होता आणि त्याला कारण होतं. उतारावर गाडी न्यूट्रल टाकली की डिझेल वाचतं, हे कोणीही सांगेल. गिअरमध्ये नसली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून मरतात, हे फक्त नाना सांगायचे. सदा ऐकायचा, मान हलवायचा आणि घाटात गेला की न्यूट्रल टाकायचा.

एकदा खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सदा आमच्या पुढे होता. त्याच्या चाकांतून धूर निघायला लागला. मग वळण आलं. रस्ता वळला, सदाची गाडी वळली नाही.

"नाना, थांबवा!" मी ओरडलो.

नाना थांबले नाहीत. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये तशीच, मुंगीच्या पावलानं. सदाच्या केबिनच्या बाजूनं आम्ही पुढे गेलो. मी नानांना शिव्या दिल्या, दरवाजा उघडायला गेलो. त्यांनी माझी कॉलर धरून ठेवली.

"भरलेली गाडी घाटात थांबवायची नाय. मागून येणाऱ्याचे ब्रेक उरलेत का संपलेत, तुला माहीत हाय? खाली उतर, मग रड."

खाली गाडी लावली आणि एका टेंपोत बसून आम्ही परत वर आलो. सदा संपला होता. गवतात त्याचा फोन वाजत होता. नानांनी उचलला. बायकोच होती.

"सदा जेवतोय गं," नाना म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "ते जेवतायत, तर तुमी का उचलला?"

तेव्हापासून आमच्याकडे कोणी दुसऱ्याचा फोन उचलत नाही. वाजून वाजून बॅटरी संपू दे, उचलायचा नाही.

*

सदाची गाडी दुरुस्त होऊन आली. नवी केबिन, नवा रंग, नंबर तोच. अशी गाडी आली की जुने ड्रायव्हर तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मग ती नव्या माणसाला मिळते, ही आमची दुसरी पद्धत. शेठ मला म्हणाले, "नानांनी एकदा 'तयार' म्हटलं की चावी तुझी."

घरी सांगितलं. मनीषा भाकरी थापत होती. ती थापतच राहिली आणि म्हणाली, "दुसरी नाय का?"

"नव्याला तीच मिळते."

"मग तुमी नवे कशाला झालात?"

मी नानांकडे गेलो, म्हटलं मला भीती वाटते. नाना सदाच्या गाडीत चढले, सीटवर मांडी घालून बसले आणि डबा उघडला. काकी, म्हणजे नानांची बायको, रोज दोघांची भाकरी द्यायची, त्यांची आणि माझी. तांदळाची भाकरी आणि सुकट.

"गाडीनं नाय मारलं त्याला," म्हणाले. "ये, बस. जेव."

सदाच्या गाडीत बसून आम्ही खरोखरच जेवलो.

*

आणि हा शेवटचा. हा मी चटईवर फारसा सांगत नाही.

लोखंडी कॉइल भरून आम्ही पुण्याहून खाली येत होतो. कडक दुपार. घाटाच्या तोंडाशी नानांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "तू घे." एवढा जड माल घेऊन हा घाट मी कधी उतरलो नव्हतो. नाना बाजूच्या सीटवर बसले. त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. मी विचारलं तर खिसा चाचपला आणि म्हणाले, "गोळी संपली. चल तू."

निम्म्या घाटात त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. मी म्हटलं, "नाना, बाजूला लावतो." त्यांनी मान हलवली, नाही. माझा हात गिअरवर होता, त्यावर त्यांनी हात ठेवला.

"दुसराच ठेव," म्हणाले.

मग तो हात सरकला आणि त्यांचं डोकं खिडकीला लागलं. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. मी हाका मारत होतो, शिव्या देत होतो, रडत होतो. गाडी दुसऱ्यातच होती. मागे गाड्यांची रांग होती आणि कोणाचे ब्रेक कसे, मला माहीत नव्हतं. प्रत्येक वळणाला नानांचं डोकं काचेवर वाजायचं. फोन बंद व्हायचा आणि पुन्हा वाजायचा.

खोपोलीत उतरलो. अँब्युलन्स उभी असते तिथेच गाडी लावली. तिथले दोघं वर चढले, नानांची नाडी बघितली, डोळे बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

फोन परत वाजला. स्क्रीनवर काकीचा फोटो. मी उचलला.

"काकी, सुनील बोलतोय," म्हटलं. "नाना जेवतायत."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"गाडी कोण चालवत होता?"

"मी."

"घाटात?"

"हा."

"भरलेली?"

"भरलेली."

"खाली नीट आणलीस?"

"आणली, काकी."

"मग शेठला सांग," काकी म्हणाली, "नाना बोलले, सुनील तयार झाला."