गोकुळ पॅक्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या धानोऱ्यात निंबाखाली तीन दिवस तीन पत्ती चालते. पोरी झोक्यावर, गडी पत्त्यावर. आणि आमच्याकडचा गडी पत्ते टाकत नाही. न पाहताच लावत जातो, ब्लाइंड. हरला तरी चालेल, पण 'पॅक' म्हणून डाव सोडला की लुगडं नेसल्यासारखं.

गोकुळ पॅक म्हणायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला थोरला भाऊ चुनीलाल ब्लाइंड लावत सुटला, आणि गोकुळनं हातात चांगलं पान असून टाकून दिलं. चुनीलालनं आपले पत्ते उलटे केले. दुर्री, पंजी, नव्वी. निव्वळ कचरा.

"याले आते गोकुळ नका म्हना," तो म्हणाला. "पॅक्या म्हना."

आम्ही म्हटलं. छत्तीस वर्षं म्हटलं. पोरीच्या लग्नात माइकवर पुकारा झाला, "वधूपिता पॅक्याभाऊ." बायको मेली तेव्हाही बातमी फिरली ती "पॅक्यानी बायको गई" अशीच. तो रेल्वेच्या फाटकावर नोकरीला. गाडीआधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं, मधला सगळा वेळ बसून राहायचं. बसून राहणं त्याच्याइतकं कोणाला जमलं नाही.

रिटायर झाल्यावर तो गोव्याला गेला, लेक संध्या आणि जावई दिनेशकडे. दिनेश तिथं जुगाराच्या बोटीवर कामाला. त्यानं सासऱ्याला पोकर शिकवला. दोन पत्ते हातात, पाच मधे उघडे, नको वाटला तो डाव सोडायचा.

"सोडं तं कोनी हसत नही का आठे?"

"हसनारा पयले हारतस, मामा."

एकसष्टाव्या वर्षी तो स्पर्धेला बसला. एकशे ऐंशी खेळणारे, डोळ्यांवर काळे चष्मे. गोकुळ अकरा तास पत्ते टाकत राहिला. 'अंकल झोपले काय' म्हणणारे एकेक उठून गेले. शेवटी दिल्लीचा एक पोरगा उरला, दर डावाला होतं नव्हतं ते पुढं ढकलणारा. गोकुळनं सात डाव सोडले. आठव्याला दोन राजे आले. नववा डाव खेळायला समोर कोणी नव्हतं.

पेपरातला फोटो गावात सगळ्यांनी पाहिला. तरी गेल्या आखाजीला तो निंबाखाली आला, तसा चुनीलाल सरकून बसत म्हणाला, "या, पॅक्याशेठ!"

दोन दिवस गोकुळनं पत्ते टाकले.

"गोवामा हाईच शिकना का रे?" चुनीलालनं डिवचलं.

गोकुळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला तीन सत्त्या आल्या. समोर चुनीलालचे पत्ते पालथेच. गोकुळ त्याच्या मागोमाग लावत गेला. चुनीलालचा खिसा रिता झाला, तसा तो कानातली बाळी काढायला लागला.

"सोनं ऱ्हाऊ दे, दादा. मन्हं नाव लाव. हारना तं सगळासमोर तीनदा गोकुळ म्हन."

"आन तू हारना तं?"

"तं सरनवर बी पॅक्याच म्हना."

तिथंच 'पॅक' म्हणून चुनीलालला उठता आलं असतं. पण ज्या शब्दानं भावाला छत्तीस वर्षं डागलं, तो त्याच्या तोंडातून निघेना. त्यानं पत्ते उलटे केले. राणी, चौका, तिर्री.

"गोकुळ."

"ऐकू उनं नही."

"गोकुळ!"

झोक्याकडून चुनीलालची बायको, गोकुळची वहिनी, धावत आली. आई मेल्यावर गोकुळला हिनंच भरवलेलं. "पुरे कर रे भो. सत्तर वरीसना मानूस शे."

"एक बाकी शे, वहिनी."

तिसऱ्या खेपेला चुनीलालचा आवाज फाटला. वहिनीला वाटलं, मिटलं. तिनं नवऱ्याला दंडाला धरून उठवायला घेतलं.

गोकुळनं पत्ते गोळा केले, पिसले आणि गड्डी थोरल्या भावापुढं टाकली.

"बठ. वाट पत्ता, पॅक्या."

आधी कोणी हसलं नाही. मग एक जण हसला, मग आम्ही सगळे. चुनीलाल खाली बसला आणि वाटायला लागला.