नीरेच्या डोहात दोन देश आणि आमचे भोपळे

ये गं, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्यात उभं राहून "कशी हायेस आत्ती?" विचारायचं आणि पळायचं, तर यायचंच कशाला? वर्षानं तोंड दाखवतेस, आणि तेही तोंड मनगटावरच्या घड्याळाकडं! ठेव ती पिशवी खाली. आणि मी सांगते तेवढं होईपर्यंत हसू नकोस.

तर, दोन देशांमधली नावा वल्हवायची शर्यत आमच्या घरातल्या भोपळ्यांनी अडवून धरली होती. (ह्यात वाढवून सांगितलेलं काही नाही. असलंच तर चिमूटभर.)

मी कन्हेरीची. लग्न होऊन नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या काठी नांदायला आले त्या सालची ही गोष्ट. राज्य अजून इंग्रजांचं होतं. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. माहेरी मी वांगी तोडता तोडता आईशी बोलले की शेजारच्या मळ्यातून उत्तर यायचं! सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सूनबाई, तुझा आवाज उंबऱ्याच्या आत ऱ्हाऊ दे." मी "व्हय" म्हटलं, ते सगळ्या आळीनं ऐकलं.

आणि आमचे हे? ह्यांना ताटात मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवायचे.

आता नेमका ह्यांनाच पाटकरी करायचा ध्यास मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतकऱ्यांना देणारा माणूस. बांधावर उभं राहून "आता तुमची पाळी, धरा पाणी!" अशी हाळी शिवारभर गेली पाहिजे. मामंजी ह्यांना घेऊन कालव्याच्या साहेबाकडं गेले.

"सायेब, पोरगं लई हुशार हाय माझं."

साहेबानं ह्यांना विचारलं, "नाव काय?"

ह्यांनी स्वतःच्या छातीकडं बोट दाखवलं.

साहेब बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिला. पण मामंजींचं नशीब असं, की साहेबाच्या डोक्यात तेव्हा वेगळंच खूळ होतं. त्याच्याकडं हॉलंडचा एक साहेब पाहुणा आला होता. दोघंही तरुणपणी आपापल्या देशाकडून नावा वल्हवायच्या शर्यतीत उतरलेले. दोघांची पैज लागली होती आणि शर्यतीला त्यांना आमच्या गावाजवळचा नीरेचा डोह पसंत पडला होता.

"पाणी हेच मैदान," साहेब म्हणाला. "मैदान नीट तयार करा. मग तुमच्या मुलाचं बघू."

झालं! मामंजींनी घरी येऊन सगळ्यांना मैदानाला जुंपलं. शेवाळ काढलं, बुडालेली बाभळ दोरांनी ओढून काढली. डुंबायला येणाऱ्या म्हशी हाकलल्या. म्हशीवाला भांडायला आला, तर मामंजी त्याच्यावरच ओरडले, "आरं, तुझी म्हस दोन देशांच्या मधी येतीया!" डोहाच्या शेवटाला पाण्यातच खांब रोवून वर फळ्या टाकल्या, मांडव घातला. जिंकणाऱ्याला हार तिथंच घालायचा होता, आणि तो मामंजींनीच.

मग गाडीवरून नावा आल्या. शेवग्याच्या शेंगेसारख्या, लांबच लांब आणि बारीक! एकेका नावेत एक साहेब आणि एक आपला नावाडी बसणार होता. आमचा धोंडूतात्या नावाडी साठीचा, जन्म नदीत गेलेला. त्यानं बसायची तऱ्हा बघितली आणि हात जोडले.

"सायेब, उलटं तोंड करून बसायचं? मग म्होरं जायाचं कुठं, ते दिसायचं कसं?"

"आलो कुठून ते दिसतं."

"ते तर मला ठावं हाय की!"

साहेबानं समजावलं, की नावेच्या मागच्या टोकाला आणखी एक माणूस बसतो. तो वल्हं मारत नाही, पुढं बघतो आणि ओरडून रस्ता सांगतो. मामंजींना नवल वाटलं. "नुसतं आरडायला मानूस लागतंय?" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं. असा माणूस काही मिळाला नाही, ती जागा मोकळीच राहिली.

शेवटी राहिली हद्द. दोन्ही नावांच्या वाटा वेगळ्या दिसाव्यात म्हणून डोहात तांबडे-पांढरे तरंगते गोळे ओळीनं सोडा, असं साहेबाचं फर्मान! गोळे आणि रंग बारामतीहून यायचे होते, ते आलेच नाहीत. मामंजी डोकं धरून गावात शोधाशोध करायला गेले, आणि मी (कुणी विचारलेलं नसताना) ह्यांना म्हटलं, "आवं, माळ्यावर वाळके भोपळे हायेत की!"

बियाणाचे भोपळे ते, सासूबाईंचे. त्या देवळात कीर्तनाला गेलेल्या बघून मी सगळे खाली काढले. अर्ध्या अंगाला चुना फासला, झाले पांढरे. तांबडं काय लावायचं? गेरू संपलेला. कुंकू होतं! तेलात कालवलं आणि फासलं. बांधायला सुतळी पुरेना, तर घोंगडीसाठी आणलेली काळी लोकर घेतली. संध्याकाळी ह्यांनी एकट्यानं नेऊन ओळीनं डोहात सोडले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सकाळी पाण्याला गेलेल्या बायका घागरी टाकून पळत आल्या.

"उतारा! आगं बया, डोहभर उतारा सोडलाय कुणीतरी!"

मी धावत काठावर गेले आणि पाहिलं. भोपळा, चुना, कुंकू, वर काळा दोरा. दृष्ट काढून, बाधा उतरवून तिठ्यावर टाकतात ना, तेच सगळं, तसंच! एखादा उतारा दिसला तरी माणूस वाट बदलतो. इथं तर ओळच्या ओळ, डुलत होती. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"तुमाला काल दिसलं न्हाय?"

ह्यांनी मान हलवली. दिसलं होतं.

"मग बोलला का न्हाय?"

ह्यांनी खांदे उडवले. आता काय करणार गं अशा माणसाला!

काठावर सगळा गाव जमला. दोन्ही साहेब आखूड चड्ड्या घालून तयार, आणि नावाडी वल्ह्यांना हात लावायला तयार नाहीत. मामंजी तर पेटलेच. मांडवात उभे राहून त्यांनी गावादेखत शिव्याशाप दिले, "ज्या घरानं ह्ये केलं आसंल, त्या घराचं वाटुळं हुईल!" तेवढ्यात सासूबाई पाण्याशी वाकल्या आणि ओरडल्या,

"आवं, थांबा! ह्ये तर माझं बियाणाचं भोपळं!"

मामंजींनी घाईघाईनं शाप मागं घेतला. पण तो कसा मागं घ्यायचा हे त्यांना माहीत नसल्यामुळं नुसतेच खोकत राहिले.

मी भीतभीत सगळं सांगितलं. चुना, कुंकू, लोकर, सगळं. लोक हसले, पण नावेत कुणी बसेना. धोंडूतात्या म्हणाला, "रंग काय, उतारा काय, एकदा वलांडला की बाधणारच. ज्यानं सोडला त्यो संगं आसंल तर बाधत न्हाय. सूनबाईला नावंत बसवा, म्या वल्हवतो."

"आन माझ्या नावंत कोन?" दुसरा नावाडी म्हणाला. "म्या बी तिच्याबिगर जाणार न्हाय."

सून एक आणि देश दोन! शेवटी कुणीतरी तोड काढली. दोन्ही नावा एकमेकींना करकचून बांधल्या, आतल्या बाजूची वल्ही काढून घेतली, आणि मला टोकाच्या त्या ओरडायच्या जागेवर बसवलं. दोन देश शेजारी शेजारी बांधलेले, शर्यत लावायला!

साहेबानं विचारलं, "मग जिंकणार कोण?" तोवर धोंडूतात्यानं वल्हं पाण्यात घातलंसुद्धा.

नावा निघाल्या. चौघांची पाठ पुढं, तोंडं माझ्याकडं आणि मागं पडणाऱ्या उताऱ्याकडं. नावाडी भीतीनं असे वल्हवू लागले की साहेबांना त्यांच्या बरोबरीनं मारावंच लागलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच काठावरून सासूबाईंची हाक आली,

"आगं, म्होरं धोंडूभावजी बसल्यात! पदर घे!"

मी पदर घेतला. चांगला नाकापर्यंत. आता नावेत पाच माणसं होती आणि पुढचं एकालाही दिसत नव्हतं.

मध्येच वाटलं, ओरडावं. पण उंबऱ्याच्या आतला आवाज बाहेर कसा काढायचा? मग मामंजींचा आवाज जवळ आला, "आरं, थांबा! आरं, मांडव! आरं देवा!" मी पदर वर केला, आणि जी आरोळी ठोकली, जी ठोकली, की कळंबपर्यंत बैल बुजले असतील! उशीर झाला होता. दोन देश एकदमच मांडवावर आदळले. फळ्या गेल्या, खांब गेले, मामंजी गेले. छातीभर पाण्यातून वर आले तेव्हा हार त्यांच्याच गळ्यात होता.

"आरडायचं तर आदी आरडायचं!" ते मला म्हणाले.

मला वाटलं, गेली ह्यांची पाटकरीण... म्हणजे पाटकरकी. पण कालव्याचा साहेब चिखलातून उठला, कानात बोट घालून पाणी काढलं आणि ह्यांना विचारलं, "तो आवाज कुणाचा?"

ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"ही तुझ्याच घरात राहते?"

ह्यांनी मान हलवली, आणि तिथंच त्यांची नेमणूक झाली!

तेव्हापासून हे बांधावर उभे राहून बोट दाखवायचे, आणि हाळी मी द्यायची. चाकरी त्यांची, घसा माझा. सासूबाईंनी उंबऱ्याचा विषय परत काढला नाही.

हस आता. आणि पुढच्या खेपेला वर्ष लावू नकोस, लवकर ये. नाही आलीस, तर मी इथूनच हाक मारीन. तुझ्या सासरी ऐकू जाईल, आणि मग तिथं काय सांगशील?