मागच्या सीटवरचे आप्पा

परशराम आप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. पिरनवाडीच्या गॅरेजात ते एका गाडीखाली आडवे होते. मी माझी नवी, स्वस्तातली छोटी एसयूव्ही घेऊन उभा.

खालून आवाज आला, "मागं कोण बसतंय?"

"कोण न्हाय. मीच चालवतो की, आप्पा."

"मग चार दारं कशाला घेतलास रं? फटफटी घ्यायची!"

आप्पांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांचा सत्कार आणि हा गौरवग्रंथ. आमच्या रस्त्यांनी मारलेले शॉकअप, कुरकुरणारे बुश, बसलेल्या स्प्रिंगा, हेच त्यांचं आयुष्य. त्यांचा एक नियम आहे. काम झालं की गाडी मालकाला चालवायला लावायची आणि स्वतः मागं बसायचं, हात मांडीवर, काहीही न धरता. मच्छे गावापर्यंत जाऊन यायचं. "चालवणाऱ्याला स्टेअरिंगचा आधार असतोय," ते म्हणतात, "मागच्याला कुणाचा?" शहापूरच्या एका विणकराची बायको बाळंतपणाला जायची होती, तेव्हा आप्पांनी अशा तीन फेऱ्या मारल्या आणि तिन्ही वेळा गाडी परत खोलली.

मला गाडी उंच हवी होती. स्प्रिंगांवर स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालून दोन इंच. आप्पा तीन दिवस नको म्हणाले. "उंच गाडी फोटोत बरी दिसतीया. आत बसवत न्हाय." मी म्हटलं, मग निपाणीला जाऊन करून घेतो. तिकडं कुणीतरी कसंही करील, त्यापेक्षा आपण नीट करू, म्हणून शेवटी त्यांनी केलं. हात पुसत म्हणाले, "थांब, मागं बसून बघतो. आत्ताच न्हेऊ नको."

मला व्हिडिओ करायचा होता. किल्ली घेतली आणि निघालो.

त्याच रविवारी आईला घेऊन खानापूरला मामाकडं गेलतो. एका ठिकाणी खड्डा चुकवता आला नाही. माझे हात स्टेअरिंगवर होते. आई मागं उडाली आणि आदळली. मणक्याला मार लागला, तीन महिने अंथरुणात. आता पट्टा बांधून हिंडते, पण कुठं जायचं तर बसनं जाते.

लोक विचारायचे, काम कुणी केलतं? मी म्हणायचो, आप्पांनी. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तेवढ्यानं गॅरेजापुढची गाड्यांची रांग आटली.

आप्पांनी स्पेसर काढून दिले. मग घरी आले, आईच्या अंथरुणाजवळ खाली बसले. म्हणाले, "आक्का, चूक माझी. मी किल्ली द्यायला नको होती."

मी दारात उभा होतो. आईनं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोललो नाही.

ते आज बोलतो, कारण हा ग्रंथ पिरनवाडीपासून खानापूरपर्यंत सगळे वाचतील. आप्पा नको म्हणाले होते. थांबही म्हणाले होते. मी थांबलो नाही. त्यांच्या हातचं काम बिघडलेलं नाही.

आप्पा, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळू दे, आणि कंबर आहे अशीच ताठ राहू दे. मागं कोण बसतंय, असं तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आई बसते, आप्पा. सत्कार झाला की मी गाडी दारात आणतो. तुम्ही मागं बसा, हात मांडीवर ठेवून. खानापूरपर्यंत जाऊ. तुम्ही चालतंय म्हणालात, तरच मी आईला विचारायला जाईन.