समोरच्या दारातली अमेरिका

पुस्तकाला विचारल्याशिवाय पोटच्या पोरीला शिंकही येऊ न देणारे गृहस्थ उभ्या पुण्यात एकच होते, आणि ते नेमके आमचे साडू निघाले. बिबवेवाडीत एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घ्यायची हौस आमच्या बायकांची, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणींची. शिक्षा मात्र मला झाली. साडू संगणकाच्या कंपनीत नोकरीला. पण मुलगी झाली आणि हे महाशय बुधवार पेठेतून बालमानसशास्त्राची जुनी पुस्तकं पिशव्या भरभरून आणू लागले. त्यातलं सगळ्यात जाडं पुस्तक पाळण्याच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवलेलं होतं. तेवढा त्या शास्त्राचा उपयोग मला मान्य आहे.

त्यांची ही पोर, चिनू, अडीच वर्षांची झाली आणि कंपनीने साडूंना दीड वर्षासाठी अमेरिकेला धाडायचं ठरवलं. दोन हजार साल उजाडलं की म्हणे जगभरचे संगणक गांगरणार होते, आणि त्यांना धीर द्यायला आमचे साडू लागणार होते. जायचं एकट्यानेच. एरवी कोणाच्या आनंदावर विरजण घालायचं तर मी तयारच असतो, पण पेढे द्यायला आलेला हा माणूस दारातच अडखळला. "एक विचारू का? दीड वर्षाने ही मला ओळखेल ना हो?" मी म्हटलं, "मी रोज बघतो तरी मला विसरायची इच्छा होते तुम्हाला. तिचं काय सांगू?" ते हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी पुस्तकं उघडली.

त्या पुस्तकांत तीन विद्वान होते. एक स्वित्झर्लंडचा, एक रशियाचा, एक अमेरिकेचा. नावं मला उच्चारता येत नाहीत आणि त्याचं दुःखही नाही. अमेरिकेचा म्हणे, बक्षीस दिलं की मूल हवं तसं वागतं. म्हणून आठवडाभर चिनूने वडिलांच्या फोटोला 'बाबा' म्हटलं की तिला लिमलेटची गोळी. शनिवारपर्यंत ती कॅलेंडरवरच्या गणपतीला, दूधवाल्याला आणि मलाही बाबा म्हणून हात पुढे करू लागली. मग रशियाचा आला. मूल मोठ्यांच्या बोलण्यातून शिकतं, तेव्हा घरात अखंड बाबाविषयी बोलायचं. माझी मेहुणी शैला दोन दिवस बोलली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात की मी जरा गप्प बसणार आहे." या सगळ्याचा साडूंनी संगणकावर तक्ता केला होता. तीन विद्वान, सात रकाने, आणि एकाही रकान्यात पोरगी जेवली का याची नोंद नाही.

शेवटी बाजी मारली स्वित्झर्लंडने. त्याच्या मते वस्तू नजरेआड झाली तरी ती असतेच, हे मुलाला हळूहळू कळतं. आणि कळलं याची खूण म्हणजे मूल ती शोधतं. झालं! साडूंनी नजरेआड होण्याची तालीम सुरू केली. बॅग घ्यायची, "चिनू, बाबा अमेरिकेला चालला" म्हणून टाटा करायचा आणि समोर आमच्या घरात शिरायचं. दहा मिनिटांनी परत. मग अर्धा तास, मग दोन तास. आमच्या पडद्यामागे उभं राहून हे गृहस्थ वहीत वेळ टिपायचे आणि वर आमचाच चहा प्यायचे. चिनू दार ढकलून यायची, खाटेखाली बघायची, पडदा ओढायची आणि बापाला हाताला धरून घरी न्यायची. "बघितलंत? शोधते," म्हणून साडू माझ्याकडे असे बघायचे की वाटावं, शोध स्वित्झर्लंडमध्ये नव्हे, आमच्या दिवाणखान्यातच लागला. "अहो, पण तुम्ही सापडता रोज," मी एकदा म्हणालो. त्याला त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

साडू खरोखरच गेले त्या दिवशी खाली रिक्षा उभी होती, शैला पदराने डोळे पुसत होती. चिनू अजिबात रडली नाही. टाटा केला, रिक्षा वळली, आणि ही जिने चढून थेट आमच्याकडे आली. खाट बघितली, पडदा ओढला, मोरीत डोकावली. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, बाबाला दे आता." त्या संध्याकाळी मीच तिला हाताला धरून घरी पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्याही.

रविवारी अमेरिकेहून फोन आला. हवापाणी नाही, 'पोहोचलो' नाही, एकदम, "शोधते का हो मला?"

"शोधते. रोज येते."

आता विद्वानाचा जयजयकार ऐकावा लागणार म्हणून मी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. पण पलीकडून साडू एवढंच म्हणाले, "संध्याकाळी दाराला कडी घालू नका हं."

आम्ही कडी घातली नाही. तिसऱ्या महिन्यात चिनू यायची थांबली. साडू मात्र दर रविवारी तेच विचारायचे, आणि त्यांच्या एकाही विद्वानाला कधी भीक न घातलेला मी दर रविवारी तेच सांगत राहिलो, "शोधते हो. कालही येऊन गेली."