उठवणारा

धाटावहून पेणला परतणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये पहिल्या शिफ्टची माणसं बसल्याबसल्या झोपतात. त्यांना उठवायचं काम आमच्यातल्याच एका जुन्या कामगाराचं. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो खांदा कधी हलवत नाही, ज्याचा थांबा आला त्याला वाकून नावानं हाक मारतो. "दामू, ऊठ. कासू आलं." नवीन माणूस चढला की आधी नाव विचारतो आणि तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून घेतो.

तो ख्रिस्ती. बायको गेली तेव्हाही 'वारली' म्हणाला नाही. "झोपली हाय. येशू उठवील," म्हणाला, पुढचा थांबा 'गडब आलं' म्हणून सांगावा इतक्या सहज.

माझी आई गेल्यावर मी पुन्हा कामावर आलो, त्या दिवशी बसमध्ये मला झोप नव्हती. मी जरा चिडूनच त्याला विचारलं, "तुमची माणसं मातीत असतात. आम्ही आईला जाळलं. तिला कोण उठवणार?"

नागोठणं मागे पडलं.

"मला नाय ठाव," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "नाव काय रे आईचं?"

"सुमन."

"सुमन," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. मग पुन्हा एकदा, "सुमन."