तळाशी राहिलेलं

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला चिंचेनं घासलेलं पितळी मापटं दिलं. मी रसायनशास्त्रज्ञ, वजन-मापांच्या सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख. भेट शोभणारीच होती. पण आमचं मापटंही आई चिंचेनंच घासायची; त्या आंबूस वासानं मी एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या कळस गावी, आमच्या ओसरीवर पोचलो.

वडिलांनी, आबांनी, वांग्यांच्या किडीवरची विषारी पांढरी पावडर आमच्या धान्याच्या मापट्यानंच मोजली होती. माप रितं ठेवलं की बरकत जाते, म्हणून तळाशी थोडं धान्य राहू द्यायची आमची रीत. सवयीच्या हातानं त्यांनी पावडरही तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्यातच ज्वारीचं पीठ घेतलं आणि शाळेच्या घाईत असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, एकच भाकरी थापून दिली.

दुपारी शकू गेली. आबा मापटं हुंगत म्हणाले, "रितं ठिवायचं न्हाय, एवढंच डोस्क्यात व्हतं रं."

किती विषानं सात वर्षांची पोर मरते, हे पुढं मी मिलिग्रॅमपर्यंत शिकलो. आबांना कधी सांगितलं नाही.

भेटीच्या मापट्यात कुणीतरी शकुनाचे तांदूळ ठेवले होते. टाळ्या चालू असतानाच मी ते टेबलावर पालथं केलं.