माय जागची उठत नव्हती तेव्हा

माझी माय वाशीमच्या बाजारात भाजी विकते. सकाळी मळ्यातली मेथी-वांगी ऑटोत टाकून आणायची आणि दुपार टळेपर्यंत पोत्यावर बसायची. बायांना जायला जवळपास धड जागा नाही, म्हणून तिथल्या साऱ्याजणी पाणीच पीत नसत. तहान मारायची, लघवी दाबायची. याला त्या हुशारी समजत, आणि शाळेत शिकवणाऱ्या मीही त्यांना कधी टोकलं नाही.

एक दिवस माय खुशीत म्हणाली, "मले आता लागतच नाई वं. दिवसभर बसली तरी उठा लागत नाई. देवानं आयकलं माह्यं!"

शेजारच्या भाजीवालीला हेवा वाटला. मलाही बरंच वाटलं, याची आज लाज वाटते. तिची जुनी शुगर, पायाला येणाऱ्या मुंग्या, यातलं काहीच मी जोडून पाहिलं नाही.

मग लुगडं नकळत ओलं व्हायला लागलं आणि ओटीपोट टणक झालं. दवाखान्यात नळी घातली, तर दीड लिटर लघवी निघाली. एवढं पोटात असताना माय मला आरामात विचारत होती, मेथीले पानी देलं का म्हणून!

डॉक्टर म्हणाले, मूत्राशय भरलं की नसा मेंदूला कळवतात. साखरेनं त्या नसाच खराब केल्या, त्यामुळं निरोप पोचत नाही. लघवी तुंबून किडन्यांवर ताण आला होता. त्या वाचवायच्या तर लागो न लागो, घड्याळ बघून जायचं. जाणीव परत येईलच असं नाही.

जन्मभर लघवी लागल्याच्या ज्या जाणिवेला आम्ही कटकट म्हणालो, ती केवढी राखण करत होती! माझं मन त्यातून निघेचना.

आता माय दर तीन तासांनी उठते. बाजारामागच्या एका ओळखीच्या घरी तिनं विचारून ठेवलंय, तेवढा वेळ शेजारीण भाजी सांभाळते. परवा सुटीच्या दिवशी मी तिच्याजवळ जुड्या बांधत बसले होते. ती एकदम म्हणाली, "लागते मंजे नेमकं कसं वाटते वं? मी त इसरलीच."

मी सांगायला गेले. आधी खाली थोडं जड वाटतं, मग... पुढं शब्दच सुचेनात. आणि सांगता सांगता ध्यानात आलं, मला तासाभरापासून लागली होती. मी सवयीनं दाबून बसले होते. तसं तिला सांगून टाकलं.

 माय माझ्या हातातली जुडी काढून घेत म्हणाली, "मंग उठ न! बसून कायले राह्यली?"